परत मागितलेला शब्द

एकदा एका शिष्याने जाता जाता एक शब्द उच्चारला आणि तो विसरून गेला. शब्द अगदी साधा होता. आपण सगळेच तो दिवसातून चार वेळा उच्चारत असतो. पण त्या शब्दापायी एका माणसाचे दोन महिने कसे गेले, आणि शिष्याला तो शब्द परत का मागावा लागला, ते ऐकण्यासारखे आहे.

घाटाच्या पायथ्याला तळसरे नावाचे गाव होते. तिथे एक वृद्ध आचार्य राहत. त्यांच्याजवळ शिकायला आलेले विद्यार्थी यथाकाल आपापल्या मार्गाने गेले होते आणि आता एकटा विश्वंभर उरला होता. वय अठ्ठावीस. अक्षर सुरेख, म्हणून जीर्ण पोथ्यांच्या नकला करण्याचे काम त्याच्याकडे असे. स्वभाव इतका मृदू, की कोणाला नाही म्हणणे त्याच्या जिवावर येई. कोणी म्हणाले, "विश्वंभरपंत, संध्याकाळी घरी या हं," की तो म्हणे, "येतो ना!" कोणी म्हणाले, "आमच्या वडिलांना जरा ग्रंथ वाचून दाखवा," की तो म्हणे, "दाखवीन की." त्यातले प्रत्यक्षात किती घडे, ते कोणी पाहत नसे. गावाला तो प्रिय होता.

आचार्यांचे निराळे होते. कोणी बोलावायला आले की ते क्षणभर विचार करत आणि बहुधा म्हणत, "जमणार नाही मला." अगदी तोंडावर. बोलावणारा हिरमुसून परत जाई. म्हातारा विद्वान खरा, पण तुसडा, असे लोक म्हणत.

कार्तिकात आचार्यांनी विश्वंभरला घाटावरच्या नगरात पाठवले. तिथल्या मठात एक दुर्मीळ पोथी होती, तिची नक्कल करून आणायची होती. विश्वंभर जुन्या पायवाटेने घाट चढला. पलीकडच्या डोंगराला वळसा घालून नवी सडक झाल्यापासून या वाटेने कोणी जात नसे. एखादा मेंढपाळ गेला तर गेला. पाऊलवाटेवर गवत माजले होते. माथ्यावर पोचेपर्यंत ऊन चढले आणि त्याच्या घशाला कोरड पडली.

माथ्यावर एक पाणपोई होती. गवताने शाकारलेले खोपट, पुढे वाळूत रोवलेले तीन रांजण, आणि दारात एक म्हातारा. त्याचे नाव सिदोबा. विश्वंभरला पाहताच तो इतक्या लगबगीने उठला, की तोल जाऊन त्याने खोपटाच्या मेढीला धरले.

"या, या बुवा! बसा. आधी गूळ खावा, मग पाणी. उन्हातनं आल्या आल्या पाणी पिऊ नये."

पाणी गार होते. विश्वंभरने पोटभर पिऊन सहज विचारले, "बाबा, या वाटेनं माणूस दिसत नाही. मग तीन-तीन रांजण कोणासाठी भरता?"

"भरायची सवय हाय," सिदोबा म्हणाला. "मी आन् मैना, दोघं मिळून भरत होतो. एकतीस वर्सं. झरा खाली हाय, दरीत. तिनं भरायचं आन् मी वाहायचं. चैतात ती गेली. आता मीच भरतो, मीच वाहतो."

मग तो बोलत सुटला. पूर्वी लग्नाची वऱ्हाडे या वाटेने कशी जात, एकदा एक बाई इथेच कशी बाळंत झाली आणि मैनाने तिला सव्वा महिना कसे ठेवून घेतले. बोलता बोलता मधेच थांबे आणि विचारी, "तुमाला उशीर तर होत नाही न्हवं?" विश्वंभर म्हणे, "नाही, सांगा तुम्ही." आणि तो खरोखर मन लावून ऐकत होता. हे त्याचे मोठेपणच म्हटले पाहिजे. चांगले दोन तास तो तिथे बसला.

उठताना त्याने हात जोडले. "येतो बाबा."

"परत कधी?"

"पंधरा-वीस दिवसांनी. पोथी पुरी झाली की."

"ह्याच वाटंनं?"

"याच वाटेनं. आणि तेव्हा घाई नसेल. दोन दिवस राहीनच तुमच्याकडे."

सिदोबा हसला. वळणापर्यंत विश्वंभरने दोनदा मागे पाहिले. दोन्ही वेळा म्हातारा उभाच होता.

पोथी पुरी व्हायला तीन आठवडे लागले. निघण्याच्या दिवशी एक व्यापारी भेटला. त्याची बैलगाडी नव्या सडकेने खाली निघाली होती, जागाही होती. पोथी जपून न्यायची होती आणि विश्वंभरचे पाय लिहिताना बसून बसून आखडले होते. तो गाडीत बसला. व्यापारी गप्पिष्ट होता, हवा छान होती, प्रवास कसा सरला ते कळले नाही. सिदोबाची त्याला आठवण झाली आणि त्याने ती झटकली, असे काही घडले नाही. आठवण झालीच नाही.

मार्गशीर्ष संपला. पौषात कडाक्याची थंडी पडली. एका सकाळी ठकूबाई नावाची एक स्त्री आचार्यांच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. दोन कोसांवरच्या गावातून ती चालत आली होती. विश्वंभर आत लिहीत बसला होता. त्याला सगळे ऐकू येत होते.

"महाराज, माझा बा घाटमाथ्यावर पाणपोई चालवतो," ती म्हणाली. "एकटाच असतो. थंडीनं खोकला धरलाय. माझा मालक त्याला आणायला दोनदा वर जाऊन आला, पण तो यायला तयार न्हाई. म्हणतो, मानूस यायचाय माझ्याकडं, पोथीवाला. दोन दिवस राहणार हाय. मी खाली गेलो आन् त्यानं येऊन दार बंद बघितलं तर?"

ती जराशी घुटमळली.

"तुमच्याकडं पोथ्या लिवणारी मानसं येतात, म्हणून विचारायला आले. असं कोणी खरंच हाय का? का आई गेल्यापासनं बाला भास व्हायला लागलेत? मला त्याचीच भीती वाटतीय."

आत लेखणी थांबली. प्रथम विश्वंभरला बोध झाला नाही. बिचारा कोण म्हातारा, एवढेच त्याच्या मनात आले. मग एकाएकी गुळाची चव आठवली, वाळूतले रांजण आठवले. तो बाहेर आला.

"बाई, तो पोथीवाला मी."

ठकूबाईने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिले. ती रागावेल, असे त्याला वाटले. पण तिने सुटकेचा श्वास टाकला.

"म्हंजे हाय कोणीतरी. बरं झालं, देवा. बा शहाणा हाय माझा."

एवढे बोलून ती पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसू लागली.

ती गेली. विश्वंभर म्हणाला, "गुरुजी, मी काही शपथ घेतली नव्हती. निघताना 'येतो' म्हणालो. सगळेच म्हणतात. 'जातो' म्हणू नये, म्हणून म्हणतात. राहीन म्हणालो तेही असंच, बोलण्याच्या ओघात. तो म्हातारा एवढं मनावर घेईल, हे मला कसं कळावं?"

आचार्य म्हणाले, "उद्या सकाळी वर जा."

"जातोच. पाय धरून क्षमा मागतो त्यांची."

"क्षमा मागायची नाही," आचार्य म्हणाले. "पाया पडायचे नाही. पोथीला उशीर झाला, गाडी मिळाली, यातले एकही कारण सांगायचे नाही. समोर बसायचे आणि म्हणायचे, मी तुम्हाला दिलेला शब्द परत मागायला आलो आहे."

विश्वंभर चकित झाला. "पण गुरुजी, मी जातोच आहे ना? उशिरा का होईना, शब्द पाळलाच जाईल की!"

"तू त्याची मुलगी आली म्हणून चालला आहेस. सांगितले तेवढे कर."

हे विश्वंभरला निष्ठुर वाटले. ज्याला आपण ताटकळत ठेवले, त्याच्याकडे जाऊन वर आणखी काही मागायचे? गुरूंना माणसाच्या मनातले कळत नाही, गाव म्हणते तेच खरे, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण आज्ञा मोडण्याची त्याची रीत नव्हती. पहाटेचे धुके विरल्यावर तो निघाला.

माथ्यावर पोचला तेव्हा त्याला पाणपोई दिसली, आणि सिदोबाही दिसला. पाठमोरा. नगराकडून येणारी वाट माथ्यावर जिथे प्रथम दृष्टीस पडते, त्या दिशेला तोंड करून तो एका दगडावर बसला होता. अंगावर कांबळे होते. मधूनच खोकल्याने पाठ हलत होती. विश्वंभर अगदी जवळ गेला, तरी त्याला चाहूल लागली नाही. त्याचे सगळे लक्ष त्या वाटेकडे होते.

विश्वंभरला हाक मारवेना. तो तसाच मागे उभा राहिला. मग म्हणाला, "बाबा."

सिदोबा वळला. ओळख पटताच त्याचा चेहरा उजळला. दुसऱ्याच क्षणी त्याने खालच्या वाटेकडे पाहिले, आणि मग पुन्हा विश्वंभरकडे.

"तुमी... खालनं कसे?"

विश्वंभर नगराहून केव्हाच परतला होता, या वाटेने आला नव्हता, एवढे सगळे त्या प्रश्नातच म्हाताऱ्याला कळून चुकले. त्याने कांबळे सावरले आणि तोच घाईघाईने म्हणाला, "सडकंनं गेला असाल. बरं केलंत. सडक चांगली हाय. पायाला तरास न्हाई. बसा, बसा, गूळ आणतो."

"बाबा, थांबा." विश्वंभर त्याच्यासमोर जमिनीवर बसला. गुरूंनी जे म्हणायला सांगितले होते, ते क्षमा मागण्याहून फार अवघड आहे, हे त्याला तेव्हा कळले. "मी तुम्हाला दिलेला शब्द परत मागायला आलोय."

"कसला शब्द?"

"येतो म्हणालो होतो."

"ते व्हय!" सिदोबा हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "ते तर समदेच म्हणत्यात. मी कुठं वाट बघत होतो?"

आपलेच वाक्य म्हाताऱ्याच्या तोंडून ऐकून विश्वंभरने मान खाली घातली.

सिदोबा त्याला आत घेऊन गेला. खोपटात एका बाजूला त्याचे अंथरूण होते. दुसऱ्या बाजूला एक घोंगडी घडी करून ठेवली होती, उन्हात घातल्यासारखी स्वच्छ, आणि उशाला एक नवा पाट. नाचणीच्या पिठाचे एक गाडगे फडके बांधून ठेवले होते. "हे मी अजून आवरलंच नव्हतं," सिदोबा म्हणाला आणि आपण काय बोललो ते ध्यानात येताच चुलीकडे वळला. चुलीपुढे बसून त्याने भाकरी थापायला घेतली. थापता थापता, विश्वंभरकडे न बघता, तो बोलू लागला.

"खरं सांगू का बुवा? शब्द मागताय, तर देतो परत. माझा काही राग न्हाई. पण हे दोन म्हैने मला सकाळी उठावं वाटायचं. मैना गेल्यापासनं वाटलं न्हवतं तसं. उठायचं, झाडायचं, रांजण भरायचं. मानूस यायचाय, म्हणून. ठकू म्हणते खाली ये. ती चांगली हाय, नातवंडं हायेत. पण तिथं माझ्यावाचून कुणाचं काही अडत न्हाई. इथं वाटायचं, आपण नसलो तर एक मानूस तहानेला परत जाईल." त्याने भाकरी उलटली. "आता उद्या उठून काय करायचं?"

विश्वंभरच्या ओठांवर आले, 'मी दर महिन्याला येत जाईन बाबा.' ते उच्चारणे किती सोपे होते! उच्चारले असते तर म्हाताऱ्याचा चेहरा पुन्हा उजळला असता आणि त्याचे स्वतःचे मनही हलके झाले असते. त्याने तोंड उघडले, आणि मिटले. आयुष्यात प्रथमच त्याने एक गोड शब्द गिळला.

पुढचे दोन दिवस तो तिथे राहिला. राहतो असे म्हणाला नाही. दरीतून पाणी वाहून आणले, लाकडे फोडली, म्हाताऱ्याला काढा करून दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी सिदोबा दारात उभा राहून कितीतरी वेळ वाटेकडे पाहत होता. मग म्हणाला, "चला बुवा. आता हितं माझं काही न्हाई. ठकूकडं सोडा मला."

दोघांनी मिळून रांजण रिकामे करून पालथे घातले. पाणी वाळूत जिरले. उतरताना सिदोबा दर वळणावर थांबे, पण त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. लेकीच्या दारात पोचल्यावर नातवंडांनी त्याला वेढा घातला. तो हसला, त्यांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि खांबाला टेकून बसला. त्या गजबजाटात तो माथ्यावरच्यापेक्षाही एकटा दिसत होता.

विश्वंभर गुरूंकडे परतला आणि त्याने सारे सांगितले. म्हणाला, "आपली आज्ञा पाळली. पण माझे समाधान नाही. त्यांच्याजवळ वाट पाहण्याजोगे एवढे एकच होते. मी तेही काढून घेतले."

आचार्य म्हणाले, "होय, काढून घेतलेस. त्याचे दुःख मनात राहू दे. ते मिटवण्याची घाई करू नकोस."

"पण परत मागायला का लावलेत?"

"वचनाने वचन देणारा बांधला जातो, असे आपण समजतो. तू बांधला गेला होतास का? तू गाडीत बसून मोकळा खाली आलास. बांधला गेला तो ऐकणारा. थंडीत, त्या दगडावर. तू क्षमा मागितली असतीस, तर त्याने ती तत्काळ दिली असती, कारण तो भला आहे. तुझे मन मोकळे झाले असते आणि त्याची गाठ तशीच राहिली असती. तो म्हणाला असता, बुवा आता पुन्हा येतील, आणि पुन्हा त्या दगडावर जाऊन बसला असता. गाठ सोडवायची तर शब्दच उचलून आणायला हवा होता."

"पण गुरुजी, तो खरोखर निरोपाचा शब्द होता."

"होता. ज्याच्या दारी रोज चार माणसे येतात, त्याच्या कानावर तो निरोप म्हणूनच पडतो. ज्याच्या दारी कोणी येत नाही, त्याच्या कानावर तो वचन होऊन पडतो. तू बोललास एक आणि त्याने ऐकले दुसरे, असे म्हणून तुला सुटता येणार नाही. बोलताना त्याचे रिकामे खोपट तुझ्या डोळ्यांसमोर होते." आचार्यांचा स्वर उतरला. "मला लोक तुसडा म्हणतात, ते मला ठाऊक आहे. तरुणपणी मीही फार गोड बोलत असे. माझी वाट पाहता पाहता कोण गेले, ते आता सांगून उपयोग नाही."

थोडे थांबून मी तुम्हालाही सांगतो. "भेटू एकदा निवांत", "कळवतो", "या रविवारी नक्की" हे आपण दिवसभर उच्चारत असतो. त्यातला एखादा शब्द कोणाच्या तरी घरात जाऊन बसला असेल आणि तिथे कोणीतरी रोज घोंगडी उन्हात घालत असेल. आपल्याला त्याची वार्ताही नाही.

पुढे माघात विश्वंभर एकदा ठकूबाईच्या गावी गेला. आधी सांगून गेला नव्हता. सिदोबा खांबाला टेकूनच बसलेला होता. खोकला कमी होता, पण बोलणेही कमी झाले होते. घटकाभर बसून विश्वंभर उठला, तेव्हा म्हाताऱ्याने वर न बघता विचारले, "पुन्यांदा कधी?"

विश्वंभरने हातातली कामे आठवली, वाट आठवली, आपला स्वभाव आठवला. मग म्हणाला, "येत्या मंगळवारी. दुपारी, जेवणं झाल्यावर."

सिदोबाने मान हलवली. त्याचा विश्वास बसला की नाही, ते कळले नाही.

मंगळवारी विश्वंभर गेला. त्याच्या पुढच्या मंगळवारीही गेला. एकदा जाणे जमणार नव्हते, तर आदल्या दिवशी दोन कोस चालत जाऊन तसे सांगून आला. फाल्गुन उजाडला. उन्हे तापू लागली होती. त्या मंगळवारी तो अंगणात पोचला, तर खांबापाशी कोणी नव्हते. इतक्यात ठकूबाई बाहेर आली आणि ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "झोपलाय बा. मी म्हटलं, जरा जागा ऱ्हा, बुवा येतील आता. तर म्हणाला, येनारच हाय तो, तवर निजतो."

विश्वंभर दाराशी गेला. आत सिदोबा भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता, वाटेकडे पाठ करून. श्वास संथ चालला होता.

विश्वंभरने पादत्राणे काढली, आवाज न करता उंबऱ्यापाशी बसला, आणि त्याच्या उठण्याची वाट पाहू लागला.